रोपासोबत घरी काय जातं? लातूरमधल्या दोन रोप-अदलाबदलींचं प्रकरण

हा प्रसंग नमुन्यादाखल बांधलेला आहे. एकाच गटाचा हा अहवाल नव्हे. चुका मात्र मराठवाड्यातल्या कोणत्याही गावच्या रोप-अदलाबदलीत अशाच होतात आणि त्याच क्रमाने होतात.

तीसेक माणसं. बहुतेक लातूर शहरातली गच्चीवर बाग करणारी, काही औसा, अहमदपूर, उदगीरची, दोघी अंबाजोगाईच्या. ओळख सगळी फोनवरच्या फोटोंतून: कुणाचा मदनबाण कसा भरलाय, कुणाच्या गोकर्णाला दुहेरी फुलं आलीत. प्रत्यक्ष कुणी कुणाला पाहिलेलं नाही. शाळांना सुट्टी आणि लग्नसराई ओसरलेली, म्हणून एकदा भेटून आपापली रोपं अदलाबदल करायला मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरला. जागा एका मंगल कार्यालयाचा पत्र्याचा मांडव, वेळ सकाळी अकरा. सव्वाशेच्या आसपास रोपं जमली, नाश्त्याला मुरमुऱ्यांची सुशीला होती, गप्पा दीडपर्यंत चालल्या. महिन्याने विचारपूस झाली तेव्हा निम्म्याहून जास्त रोपं मेलेली होती. आणखी वाईट म्हणजे सात-आठ घरांत आधीपासूनच्या झाडांवर पांढरा कापूस दिसू लागला होता.

जो तो आपल्यालाच दोष देत होता: "माझाच हात चांगला नाही." दोष हाताचा नव्हता, तारखेचा आणि मातीचा होता.

तारीख

मेच्या अखेरीस लातूरचं दुपारचं तापमान ४० अंशांच्या आसपास असतं आणि हवा कोरडी. रोप जमिनीतून उपटताना पाणी शोषणारी बारीक केसमुळं तुटतात. नवी मुळी धरायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर पानांतून पाणी उडतच असतं. जमा-खर्च बसत नाही आणि रोप तीन दिवसांत माना टाकतं. लोक मग काळजीपोटी दिवसातून तीनदा पाणी घालतात आणि उरलेली मुळंही कुजवतात. पत्र्याखाली अकरा ते दीड रोपं ठेवणं म्हणजे ती तव्यावर ठेवण्यासारखंच. सावली होती, गारवा नव्हता.

दुसरी भेट जुलैच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेसात ते दहा, एका शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली ठरली. जूनमध्ये नाही, कारण मृगाचा भरवसा इथे कुणी धरत नाही. पहिला पाऊस पडून पंधरा-वीस दिवस उघडीप पडणं हे मराठवाड्यात नेहमीचंच. जुलैच्या मध्यापर्यंत हवेत ओल टिकते, उन्हाचा चटका कमी झालेला असतो आणि ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिलाच, तर तोवर मुळं धरलेली असतात.

माती, म्हणजे खरं दुखणं

पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येकाने रोप आपल्या मातीच्या गोळ्यासकट दिलं. मातीचा गोळा दिला की रोप सुखरूप राहतं, असा समज. काळ्या मातीच्या बाबतीत तो उलटा पडतो. काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. शेतात हा गुण आहे, भेगांतून हवा आणि पाऊस आत जातो. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत मात्र ती ओली असताना चिखल होते आणि मुळांना हवाच मिळत नाही. सुकली की पिशवीच्या कडेपासून सुटते, आकसताना मुळं तोडते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. खालून पाणी गळतंय, म्हणजे रोपाला पोचलं असं वाटतं. गोळा आतून कोरडा ठणठणीत असतो.

शिवाय त्या गोळ्यात काय काय बसून आलेलं असतं, ते वेगळंच.

लव्हाळ्याच्या गाठी: एका गाठीपासून एका पावसाळ्यात अख्खी कुंडी भरते आणि उपटताना वरची पात तुटून गाठ खालीच राहते. हरळीचे तुकडे. गाजरगवताचं बी. हुमणीच्या अळ्या, विशेषतः कच्चं शेणखत वापरलेल्या कुंडीत. शंखी गोगलगायींची अंडी, साबुदाण्यासारखी, भुसभुशीत ओल्या मातीत दोन-तीन बोटं खाली. या गोगलगायींनी २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात उगवतं सोयाबीन कसं फस्त केलं, हे शेती असलेल्यांना सांगायला नको. आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म जंत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण टोमॅटो, वांगी, मिरचीची मुळं उपटून पाहिली आणि त्यावर गाठी दिसल्या, तर त्या कुंडीतली माती कुणालाही द्यायची नाही, चमचाभरसुद्धा नाही.

म्हणून दुसऱ्या भेटीसाठी एकच कडक नियम झाला: रोप आणा, माती आणू नका. त्याचे दोन मार्ग ठेवले.

पहिला मार्ग, रोप सुरुवातीपासून स्वच्छ मिश्रणात वाढवायचं. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी धुतलेली जाड वाळू. वाळू मिळत नसेल तर विटांचा चाळलेला चुरा, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीसेक पिशव्यांना एक वीट आणि तेवढीच वाळू पुरते. कोकोपीट दोनदा पाण्यातून काढून पिळायचं, कारण त्यात मीठ असतं आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आधीच भरपूर. सोयाबीनचं भुसकट फुकट मिळतं म्हणून तेच भरायचा मोह होतो. कच्चं भुसकट कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. सहा महिने कुजवलेलं असेल तर चालतं.

दुसरा मार्ग जमिनीतल्या जुन्या रोपांसाठी. आदल्या संध्याकाळी रोप उपटून मुळं बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवायची, हलवून माती सुटू द्यायची. बोटांनी चोळायचं नाही. मग ओल्या कोकोपीटात किंवा ओल्या सुती कापडात मुळं गुंडाळून वर पिशवी. एक-तृतीयांश पानं काढून टाकायची. हे काम प्रत्येकाने आपापल्या घरीच करायचं आणि बादलीतलं पाणी आपल्याच वाफ्यात ओतायचं. ज्याच्या मातीतली घाण, त्याच्याच घरी राहते, आणि पाणीही वाया जात नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ही दुसरी गोष्ट लोकांना पहिल्यापेक्षा लवकर पटते.

बोगनवेलीला हा दुसरा मार्ग लावायचा नाही. तिची मुळं कडकडीत असतात, धुताना तुटतात आणि रोप बसतं ते उठत नाही. तिला पहिलाच मार्ग.

जास्वंदीवरचा कापूस

पांढऱ्या कापसाचा माग काढला तेव्हा तो एका कुंडीपर्यंत पोचला. अहमदपूरकडून आलेली गुलाबी जास्वंद, दिसायला सर्वांत देखणी, आणि म्हणून तिच्या फांद्या सात जणांनी मोडून नेल्या. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण होता, म्हणजे कापसासारखा दिसणारा, झाडाचा रस शोषणारा किडा. जास्वंद, भेंडी आणि कपाशी एकाच कुळातली. कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण जास्वंदीवर सुखाने राहतो आणि बांधावरच्या गाजरगवतावरही. ज्याची बाग कपाशीच्या शेताला लागून आहे, त्याने जास्वंद देताना दोनदा पाहायलाच हवं. पहिल्या भेटीत कुणीच पाहिलं नाही. दुपारच्या घाईत, भरल्या मांडवात कोण पानं उलटी करून पाहतो?

दुसऱ्या वेळी दारातच एक टेबल ठेवलं. दोन माणसं, एक भिंग, पाण्याचा फवारा आणि एक रिकामी बादली. प्रत्येक रोपाच्या तीन जागा बघायच्या: शेंड्याची कोवळी पानं, पानाची मागची बाजू, खोडाशी पान जुळतं तो कोपरा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर मावा किंवा पिठ्या ढेकूण असणारच असं धरायचं. मुंग्या त्यांच्या चिकट स्रावासाठी येतात आणि त्यांना झाडावरून झाडावर नेतातही. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि मागे कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर लाल कोळी. रोगट रोप बादलीत जातं. मालकाला वाईट वाटतं, म्हणून टेबलावर गोड बोलणारं आणि न लाजणारं, अशी दोन वेगवेगळी माणसं बसवावीत.

नवं रोप घरी आलं की तीन आठवडे जुन्या कुंड्यांपासून आठ-दहा फूट लांब ठेवायचं, दुसऱ्या भिंतीपाशी असेल तर उत्तम. आठवड्यातून एकदा पान उलटं करून बघायचं. पिठ्या ढेकूण सापडलाच, तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवायचं, उरलेले कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपायचे. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल. तेल आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोटायचं, नाहीतर ते पाण्यावर तरंगतं आणि शेवटचा फवारा म्हणजे नुसतं तेल. पानं भाजतात ती याच्यामुळे. फवारणी संध्याकाळी, सात-सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा. एकदा मारून थांबलं तर अंड्यांतून निघालेली पुढची पिढी पंधरा दिवसांत पुन्हा हजर होते. छाटलेल्या फांद्या खताच्या खड्ड्यात टाकायच्या नाहीत, पिशवीत बांधून कचऱ्यात.

कुणी काय, कधी तयार करायचं

मेच्या भेटीत बहुतेकांनी आदल्या दिवशी फांदी मोडून कुंडीत खोचून आणली होती. ती काडी असते, रोप नव्हे. जुलैच्या तिसऱ्या रविवारपासून मागे मोजून गटाने असं ठरवलं:

मेच्या अखेरीस बोगनवेल, कारण मुळ्यांना सहा-आठ आठवडे लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोगरा, मदनबाण, जास्वंद, देशी गुलाब. जूनअखेरीस मनी प्लांट, कृष्णकमळ. जुलैच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पुदिना, ओव्याचं पान, गवती चहाचे फुटवे. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून जूनच्या सुरुवातीला.

काडी पेन्सिलीएवढी जाड, पंधरा ते वीस सेंटीमीटर, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ. उलटी लागू नये म्हणून ही खूण उपयोगी पडते, आणि काड्या उलट्या लावणारे कमी नाहीत. खालची पानं काढायची, वर दोनच ठेवायची, तीही अर्धी कापून. मुळ्या फुटण्याची पावडर असेल तर लावायची, नसली तरी मोगरा आणि जास्वंद लागतात. बोगनवेल मात्र पावडरीशिवाय दहातल्या तीन-चारच धरतात असं समजून जास्त लावायची. मे-जूनच्या कोरड्या हवेत काडीवर पाण्याची कापलेली बाटली उपडी ठेवायची, पण सावलीतच. उन्हात बाटलीखाली काडी शिजते.

स्नेक प्लांटबद्दल एक बाब अनुभवी माणसांनाही चकवते. पिवळ्या काठाच्या जातीचं पान कापून लावलं तर नवं रोप साधं हिरवं येतं, काठ जातो. काठ हवा असेल तर मुळासकट फुटवाच वेगळा करायचा. पहिल्या भेटीत तीन जणींना "पिवळ्या काठाचं" म्हणून पानं मिळाली होती, आणि फसवल्याची भावना पुढे बराच काळ राहिली. फसवलं कुणीच नव्हतं.

संकरित टोमॅटो-मिरचीच्या घरच्या बियांचंही तसंच. बी उगवतं, पण झाडागणिक फळ वेगळं. देशी वाणाचंच बी आणावं. बियांच्या देवाणघेवाणीला कायद्याची भीती काहींना वाटते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच अट.

वाटप

मेमध्ये वाटप "घ्या ज्याला हवं ते" असं झालं. पहिल्या दहा मिनिटांत सोनचाफ्याचं कलम, ॲडेनियम आणि जास्वंद संपली, उरली ती पानफुटी आणि कोरफड. उशिरा आलेल्या अंबाजोगाईच्या दोघींनी मोगऱ्याची मुळी धरलेली सहा रोपं आणली होती आणि त्या कोरफड घेऊन परत गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण अशा माणसांना पुढच्या भेटीचं निमंत्रण द्यायला फोन करणं अवघड जातं.

जुलैत चिठ्ठ्या वापरल्या. तपासणी टेबलावर पास झालेल्या प्रत्येक रोपाला एक चिठ्ठी, कलम किंवा गुटीला (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) दोन. एकाच जातीच्या पाचपेक्षा जास्त रोपांना चिठ्ठी नाही, नाहीतर पानफुटीची चाळीस पिल्लं आणून कुणीही श्रीमंत होतो. नवशिक्याला रिकाम्या हातानेही एक चिठ्ठी. पहिली फेरी साडेआठला, प्रत्येकाने एकच रोप उचलायचं, मग दुसरी. मागणीच्या रोपाला दोघे असतील तर नाणं. तीन फेऱ्यांनंतर उरलेलं खुलं. यात वेळ गेला पाऊण तास, आणि त्या रांगेतच खरी ओळखपाळख झाली. फोटोतल्या बाल्कनीची मालकीण समोर उभी राहून "मावशी, तुमच्या मोगऱ्याला तुम्ही छाटणी कधी करता?" असं विचारते, तेव्हा चिठ्ठी कुणाची किती हे बाजूला पडतं.

नावांचा घोळ तरीही झाला. ओव्याच्या पानाला कुणी पानओवा म्हणतं, कुणी पाथरचूर. पानफुटीलाही कुणी पाथरचूरच म्हणतं. घरोघरी रात्री फुलणारं "ब्रह्मकमळ" हे मुळात मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच झाड आहे, ते लातुरात जगायचं नाही. म्हणून लेबलवर नावापेक्षा पुढच्या चार गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: फुलाचा रंग, ऊन किती तास, काडी लावल्याची तारीख, देणाऱ्याचं गाव. लेबल म्हणजे दह्याच्या डब्याची कापलेली पट्टी, आणि लिहायचं शिसपेन्सिलीने. मार्करची शाई आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत उडते, पेन्सिल टिकते. कण्हेर, ॲडेनियम, डिफेनबेकिया या रोपांवर लाल दोरा बांधला: विषारी, लहान मूल किंवा जनावर असलेल्या घरी विचार करून न्यायचं.

परतीचा रस्ता

उदगीरची एसटी दोन तासांच्या आत पोचवते, पण रोपं डिकीत टाकली तर तेवढ्यातही ती उकडतात. खोक्यात उभी, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे, खोकं पायाशी. पिशवीचं तोंड सैल. घरी गेल्यावर पाणी पाजून दोन दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, पाच-सहा दिवसांनी कायमची जागा. खत पहिले तीन आठवडे नाही.

पुढे महिना-दीड महिन्याने एक तक्रार हमखास येते: नवं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. मोगरा आणि गुलाबात जास्त. हा रोग नाही. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी यांमुळे मातीतलं लोह झाडाला उचलता येत नाही. युरिया टाकून उपयोग नसतो. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर, दहा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्यावं. दुकानात स्वस्त म्हणून मिळणारं ईडीटीए प्रकारचं लोह आपल्या विम्लधर्मी (अल्कलाइन) मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी दोन-चार ड्रम साठवलं, तर ही वेळ बरीच लांबते.

दुसऱ्या भेटीनंतर

गणपतीच्या सुमारास पुन्हा विचारपूस झाली. मोगरा, पुदिना, गवती चहा जवळपास सगळे जगले होते, गुलाब अर्धे. बोगनवेल मात्र पडली. ज्यांनी कोकोपीटातलं रोप नेऊन थेट काळ्या मातीत लावलं, त्यांच्याकडे मुळं जुन्या गोळ्यातून बाहेर आलीच नाहीत. हलक्या मिश्रणातून एकदम भारी मातीत हा बदल रोपाला सोसत नाही. मधली पायरी हवी: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग विटांचा चुरा, आणि खड्ड्याच्या भिंती खुरपीने ओरखडून खडबडीत केलेल्या. हे लेबलवर लिहायला हवं होतं. पिठ्या ढेकूण नव्या रोपांतून कुठेच गेला नाही.

मेची तारीखही मोडीत निघालेली नाही. गटाने ती वेगळ्या कामाला लावली आहे. पान नसलेल्या वस्तूंना मेचा प्रवास सोसतो: निशिगंधाचे कंद, वसमतकडच्या हळदीचं बेणं (दाबून मऊ लागलं तर बाजूला), रेन लिली, पानं काढून आठवडाभर सावलीत चीक सुकवलेल्या पांढऱ्या चाफ्याच्या फांद्या, देशी बियाणं. शिवाय ज्या उन्हाने रोपं मारली, तेच माती साफ करतं. माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली कडा दाबून एप्रिल-मेचे पाच-सहा आठवडे झाकली, तर सूत्रकृमी आणि बरंचसं तणाचं बी मरतं. काळं प्लास्टिक त्याच कामाला कमी पडतं, आणि लव्हाळ्याच्या गाठी दोन्हींना पुरून उरतात, त्या हातानेच वेचायच्या. मेच्या भेटीला माती आणायला आता एकाच प्रकारे परवानगी आहे: अशी झाकून तापवलेली, चाळलेली, बंद पिशवीत, वर तारीख घालून. आणि सुशीला साडेसातलाच.